पुसायचा राहिलेला खण

साखर कारखान्यात नोकरी केली म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला: साखर किती मिळायची? संगणक विभागात होते म्हटलं की दुसरा: म्हणजे टायपिंग? या दोन्हीची उत्तरं देऊन देऊन माझा जबडा दुखला. टायपिंग नाही हो, मी प्रोग्राम लिहायचे. आमच्या बीड जिल्ह्यातल्या एका सहकारी कारखान्यात कुणाचा ऊस कोणत्या दिवशी तुटणार, त्याची पाळी लावणारा प्रोग्राम माझा होता, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. पाळीवरून इकडे भावाभावांत डोकी फुटतात, त्यामुळे माझ्या कामाला शिव्या भरपूर होत्या आणि मानही होता.

मी मूळची धारूरची. वडील शाळेत शिपाई, मी इंजिनिअर. कारखान्याच्या ऑफिसात बायका दोनच, एक मी आणि एक झाडलोट करणाऱ्या यमुनाबाई. कुठं काही अडलं की सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य, "मॅडमनं काहीतरी केलं असंल." वायर उंदराने कुरतडली तरी मॅडमनं केलं. सुरुवातीला रडू यायचं. मग मी एक सवय लावून घेतली. कुणी बोट दाखवलं की तोंडाने भांडायचं नाही, छापील कागद काढून टेबलावर टाकायचा.

एकदा एक संचालक तावातावाने आले. त्यांचा ऊस सोडून शेजाऱ्याचा आधी तुटला होता. "तुमच्या मशीनला आमचं आडनाव आवडत नाही वाटतं," म्हणाले. मी नोंदीचा कागद काढला. लागवडीचा महिना त्यांच्याच पुतण्याने चुकीचा लिहून दिला होता, खाली त्याची सही. संचालकांनी कागद दोनदा वाचला, चष्मा काढला, चहा न पिता गेले. त्या दिवसापासून माझा कागद म्हणजे शेवटचा शब्द झाला. मला ते आवडायला लागलं, खोटं कशाला सांगू. माणसाला शेवटचा शब्द मिळाला की तो दुसऱ्याचा शब्द ऐकायचं सोडून देतो. माझंही तेच झालं.

हे सगळं सांगायचं कारण अंकुश. अंकुश आमच्याकडे ड्रायव्हर होता, तेलगावचा. उसाचे ट्रॅक्टर चालवायचा. बोलायला मोजका, गाडीला जपणारा. मला ताई म्हणायचा. त्याच्याबद्दल मी भर मीटिंगमध्ये एक वाक्य बोलले, आणि त्या वाक्याने त्याच्यावर चोर असा शिक्का बसला. ते कसं झालं, हे सांगायला मला माझा धंदा थोडा समजावून सांगावा लागेल. कंटाळू नका, अवघड नाही.

ते सलग दुसरं कोरडं वर्ष होतं. ऊस जळून गेला, गाळप झालंच नाही, कारखान्याच्या धुराड्यावर घारी बसायच्या. आवारात ट्रॅक्टर नुसते उभे. तेव्हा तहसीलशी बोलून कारखान्याने ट्रॅक्टरांना टाक्या जोडल्या आणि आसपासच्या वाड्या-वस्त्यांना पाणी पोचवायचं काम घेतलं. एमडी साहेब, म्हणजे आमचे कार्यकारी संचालक, मला म्हणाले, "मॅडम, उसाची पाळी लावता, तशी पाण्याची लावा." मी लावली. उसाच्या प्रोग्रामचीच तोडमोड करून आठवड्यात टँकरचा प्रोग्राम उभा केला. रोज सकाळी प्रत्येक ड्रायव्हरला रोलवर छापलेली एक चिठ्ठी मिळायची: कुठं भरायचं, कोणत्या वस्तीवर किती ओतायचं. रोल हातानेच फाडायचा, त्यामुळे चिठ्ठीची खालची कड नेहमीच वाकडीतिकडी. ही कड लक्षात ठेवा.

आता धंद्याचं. आमचे संगणक जुने, मंद. प्रत्येक नोंदीसाठी संगणकाकडे जागा मागत बसलं की तो कण्हायला लागायचा. म्हणून मी एक युक्ती केली होती. सकाळीच एकदम मोठी जागा मागून घ्यायची, तिचे सारखे खण पाडायचे, रजिस्टरातल्या नोंदी पहिल्यापासून क्रमाने त्यांत भरायच्या, आणि खणांचा कारभार आपण बघायचा. एक वस्ती, एक खण. वस्तीचा टँकर बंद झाला की तिच्या खणात 'बंद' अशी खूण पडायची आणि खण मोकळा व्हायचा. नवी वस्ती आली की तोच खण पुसून तिला द्यायचा. या युक्तीचा मला फार अभिमान. मोठ्या शहरांतले लोक करतात ते काम मी इथं बसून केलं होतं.

दुसरी गोष्ट, कंपायलर. आपण प्रोग्राम लिहितो ती भाषा संगणकाला कळत नाही. मध्ये एक दुभाष्या लागतो, तो कंपायलर. त्याला दोन तऱ्हांनी कामाला लावता येतं. एका तऱ्हेत तो शब्दाला शब्द ठेवून सगळं उतरवतो. काम सावकाश होतं, पण तपासायला सोपं. दुसऱ्या तऱ्हेत तो डोकं चालवतो, जे काम त्याला फुकटचं वाटतं ते गाळतो, आणि प्रोग्राम भरधाव पळायला लागतो. याला ऑप्टिमायझेशन म्हणतात. माझ्या टेबलावर मी पहिली तऱ्हा वापरायचे, तपासणीसाठी. चिठ्ठ्या छापणाऱ्या ऑपरेटरच्या खोलीत दुसरी. त्याच वर्षी तिकडे नवा संगणक आला होता, त्याच्यासोबत नवा कंपायलर. जुन्यापेक्षा हुशार. मी खुशीत होते.

धारूरच्या डोंगराकडे बरडवस्ती म्हणून तीसेक घरांची वस्ती आहे. त्यांची विहीर आटली, टँकर मंजूर झाला, मी स्वतः नोंद घातली. दोन दिवस झाले, चार झाले, टँकर गेलाच नाही. अंकुशची वाट नेमकी त्यांच्या फाट्यावरून जायची, पुढच्या गावाला पाणी द्यायला. भरलेली टाकी डोळ्यासमोरून जाताना त्या लोकांना रोज दिसायची. त्यांनी त्याला थांबवून विचारलं. तो म्हणाला, "तुमचं नाव चिठ्ठीवर न्हाई. मी मोजून आणलंय, तितलं मोजून द्यावं लागतंय." त्यांनी ऑफिसला फोन केला. ऑफिसातून सांगितलं गेलं की नाव आहे, रोज दोन खेपा आहेत. त्याच प्रोग्राममधून निघून तहसीलला जाणाऱ्या रोजच्या तक्त्यात होत्याच. आता आमच्या ऑफिसचं खोटं कसं असेल? मग उरला एकच अर्थ, की अंकुश त्यांच्या वाटचं पाणी वाटेत कुठंतरी विकतोय.

सातव्या दिवशी त्यांनी ट्रॅक्टर अडवला आणि त्याला खाली ओढला. बाया-बापे सगळे होते. दगडांनी, काठ्यांनी मारलं. उजवा हात कोपरात मोडला. टाकी रिकामी करून घेतली आणि त्याला तिथंच रस्त्याच्या कडेला टाकून दिला.

कारखान्यात मीटिंग बसली. अंकुश हाताला प्लास्टर घालून आला होता, गळ्यात पट्टी, एक डोळा सुजून मिटलेला. एमडींनी मला बोलावलं. मी माझ्या टेबलावरच्या संगणकावर त्या दिवसाची चिठ्ठी परत छापली. शेवटच्या ओळीत बरडवस्ती, दोन खेपा. अंकुशने खिशातून त्याची चिठ्ठी काढली. तिच्यात बाकी सगळं तेच, फक्त शेवटची ओळ नव्हती, आणि खाली ती वाकडीतिकडी फाटलेली कड.

"ओळ फाडली याने," कुणीतरी म्हणालं.

"न्हाई साहेब," अंकुश म्हणाला. "हाय तशी हाय. ताई, तुमी खोटं बोलत न्हाईत हे मला ठावं हाय. पर मी बी खोटं बोलत न्हाई."

"मग काय मशीन खोटं बोलतंय?" एमडींनी विचारलं.

तेव्हा मी बोलले. सगळे माझ्याकडे बघत होते, आणि 'मॅडमनं काहीतरी केलं असंल' हे वाक्य कुणाच्या तरी ओठावर येतंय असं मला वाटलं. मी म्हणाले, "मशीनला पाणी विकून काय करायचंय, साहेब?"

हशा पिकला. मीही हसले. अंकुश हसणाऱ्यांच्या तोंडाकडे एकेक करून बघत राहिला. त्याला त्याच दिवशी कामावरून काढला, आणि ड्रायव्हर दोषी असल्याचं पत्र तहसीलला गेलं. बरडवस्तीला दुसऱ्या दिवसापासून एमडींच्या तोंडी हुकमावर टँकर सुरू झाला, म्हणून प्रोग्रामकडे कुणी परत बघितलं नाही. मीही नाही.

महिन्याभराने आणखी एका वस्तीची तशीच तक्रार आली. ड्रायव्हर वेगळा, वाट वेगळी. तक्त्यात नाव आहे, टँकर येत नाही. मी उठले आणि ऑपरेटरच्या खोलीत गेले. वीस पावलं असतील. तिथल्या संगणकावर, माझ्या डोळ्यांसमोर, त्या दिवसाची चिठ्ठी छापायला लावली. त्या वस्तीची ओळ आली नाही. परत माझ्या टेबलावर येऊन छापली, ओळ आली. ही वीस पावलं मी अंकुशच्या मीटिंगच्या दिवशी चालले असते तर पुढचं काहीच लिहावं लागलं नसतं. पण मला गरज वाटली नव्हती. मी माझाच कागद माझ्याच टेबलावर तपासला आणि बाईचं कुणी ऐकत नाही म्हणून आयुष्यभर कुरकुरणाऱ्या मी अंकुशचं ऐकलं नाही.

पुढचे तीन दिवस मी ती चूक शोधत होते. आमच्या धंद्यात अशी चूक म्हणजे फार नाठाळ प्रकरण. रजिस्टरातल्या नोंदी आल्या त्या क्रमाने परत घातल्या: ही वस्ती सुरू, ती बंद, ही नवी. सावकाशीच्या तऱ्हेत सगळं बरोबर. भरधाव तऱ्हेत ओळ गायब. कुठं बिनसतंय ते कळावं म्हणून प्रोग्राममध्ये मध्येच 'खणात आता काय आहे ते छाप' अशी ओळ घातली, तर चूकच नाहीशी. ओळ काढली, चूक हजर. डॉक्टरला बघून ताप उतरावा तसं. अन्न गोड लागेना. घरी नवरा म्हणाला, "काय झालंय तुला?" मी म्हणाले, "काही नाही, प्रोग्राम." त्याला अंकुशचं सांगायची मला लाज वाटली.

शेवटी कंपायलरने केलेलं भाषांतर, जे माणसाने सहसा वाचायचं नसतं, ते ओळ-ओळ वाचलं. आणि सापडलं. खण पुसायची पायरीच त्यात नव्हती. त्याने ती गाळली होती.

समजावून सांगते. आमच्या वाहन विभागात एक फळा होता, कोणत्या गाडीवर कोण ते लिहायला. आधी ओळ पुसायची, मग नवं लिहायचं. समजा कुणी हुशार माणूस म्हणाला, लगेच वरून नवं लिहायचंच आहे तर पुसता कशाला? आणि पुसणं बंद केलं. नवं नाव, नवी गाडी लिहिली, पण शेवटचा शेऱ्याचा रकाना लिहिणाऱ्याने सोडून दिला, कारण तो पुसलेला असणार हे त्याने धरून चाललेलं. मग तिथं मागच्याचा शेरा तसाच राहणार. बरडवस्तीला मिळालेला खण आधी दुसऱ्या गावाचा होता, आणि त्या गावाचा टँकर बंद झालेला. नाव, खेपा, अंतर, सगळं नवं लिहिलं गेलं. 'बंद' ही खूण तेवढी जुनी राहिली. तक्ता ती खूण बघत नव्हता, म्हणून तक्त्यात नाव यायचं. चिठ्ठी बघायची, म्हणून चिठ्ठीत यायचं नाही.

यात कंपायलरची चूक नाही. भाषेचा नियमच आहे, की नोंद जन्माला येण्याआधी त्या जागेत जे होतं त्याला काही अर्थ नाही. जे हवं ते नोंदीने जन्मताना स्वतः लिहावं. मी लिहिलं नव्हतं. मी पुसण्यावर भिस्त ठेवली होती. जुना कंपायलर साधा होता, त्याने माझी चूक वर्षानुवर्षं झाकली. दुरुस्ती एका ओळीची होती. ती ओळ घालायला मला अर्धा मिनिटही लागलं नाही, आणि घातल्यावर मी डोक्याला हात लावून बसले.

मग रजिस्टर चाळलं. अशा आणखी दोन वस्त्या निघाल्या. तिथले पुढारी वजनदार, एक फोन केला की टँकर जायचा, त्यामुळे कुणाला पत्ता लागला नाही. बरडवस्तीला असा फोन करणारं कुणी नव्हतं.

मी एमडींकडे गेले आणि सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "दुरुस्त झालं ना? मग झालं. तहसीलला आपलं पत्र गेलंय. आता ते मागं घ्यायचं म्हणजे पाण्यावाचून लोकं ठेवली ती आपण, असं लिहून द्यायचं. त्याला पुढच्या हंगामात घेऊ परत."

"त्याचा हात सरळ होत नाही साहेब. तो स्टेअरिंग कसं धरेल?"

"मग वॉचमन म्हणून घेऊ."

मी गप्प बसले. हे मी आज लिहिते आहे, पण तेव्हा गप्प बसले, एक-दोन दिवस नाही, निवृत्त होईपर्यंत. अंकुश वॉचमन म्हणून आला नाही. तेलगावात त्याच्या मुलीचं जमलेलं लग्न मोडलं, दुष्काळात पाणी विकणाऱ्याच्या घरची म्हणून. हे कानावर आलं त्या दिवशी मी नेहमीसारखा डबा खाल्ला. माणूस खातो.

निवृत्तीनंतर दोन महिन्यांनी मी एका कोऱ्या कागदावर सगळं लिहिलं, खाली सही केली आणि तेलगावला त्याच्या घरी गेले. अंकुश ओट्यावर डाव्या हाताने शेंगा फोडत बसला होता. मी कागद वाचून दाखवला. खण, फळा, सगळं. शेवटी म्हणाला, "म्हंजी माझ्या चिठ्ठीवर ते नाव नव्हतंच."

"नव्हतं. चूक माझी होती."

"हे मला ठावंच हाय की ताई, माझी चिठ्ठी मीच वाचलीती. मला वाचून काय उपेग? मारलं ते बरडवस्तीवर, समद्यांसमोर. तितं चला. तितं वाचा."

मला वाटलं होतं, कागद दिला की सुटले. पण नाही म्हणायला तोंड नव्हतं. दुसऱ्या दिवशी आम्ही जीपने फाट्यापर्यंत गेलो, पुढे पायी. वस्तीवर समाजमंदिरासमोर पंधरा-वीस माणसं जमली. अंकुशला बघून काहीजण खाली बघायला लागले. मी उभी राहिले, कोण ते सांगितलं आणि कागद वाचला. पाणी न येण्याला मी कारण, अंकुशने एक थेंब विकला नाही, असं स्पष्ट म्हणाले.

पुढे पारूबाई म्हणून एक म्हाताऱ्या बाई बसल्या होत्या. मारणाऱ्यांत त्या होत्या, हे अंकुशने वाटेत सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, "बाई, येवढं लिवून कशाला आणलंव? ह्यो पानी इकणारा न्हाई, हे आमाला तवाच ठावं व्हतं."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. अंकुशने पहिल्यांदाच तोंड उघडलं. "ठावं व्हतं, मावशे? मंग मारलं कावून?"

"आठ दिस घरात पानी न्हाई. सुनंचं लेकरू तापानं फणफणलेलं. फोन केला तर हापिसातलं मानूस म्हनतंय, पानी दिलंय तुमाला. त्येला कुटं धरायचं? त्ये कसं दिसतंय ते बी ठावं न्हाई." त्यांनी माझ्याकडे बोट केलं. तोंडावर राग नव्हता. "ह्या बाई त्या रस्त्यानं गेल्या असत्या तर ह्यांना धरलं असतं. रस्त्यानं रोज तू जात व्हतास, बाबा. लई वंगाळ झालं."

अंकुशने मोडका हात दुसऱ्या हाताने उचलून मांडीवर ठेवला आणि माझ्याकडे वळला.

"म्हंजी ताई," तो म्हणाला, "त्यो मार तुमच्या वाटचा व्हता."

मी हो म्हणाले.